सासूबाईंचं ‘क्युलॅ’ आणि पुस्तकातलं ‘क्युला’: वोरो बोलीतला स्वरसंवाद आणि तालव्यीकरण

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समज चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही तार्तूत नोकरी करता, एस्टोनियनची बी-१ परीक्षा पास झालात, ऑफिसात आणि दुकानात तुमचं नीट निभतं. पण बायकोच्या माहेरी, आग्नेय एस्टोनियातल्या वोरोमाला गेलात की सासूबाईंचं बोलणं हातातून निसटतं. पुस्तकातलं ‘क्युला’, म्हणजे गाव, त्यांच्या तोंडी ‘क्युलॅ’ होतं. ‘तुलेमा’, म्हणजे येणे, याचं ‘तुलऽमा’ होतं. शिवाय कित्येक शब्दांच्या शेवटी एक निसटता ‘य’ लागल्यासारखा वाटतो, आणि तो नक्की आहे की आपल्या कानाचा भास, हे कळत नाही. वर्गातल्या शिक्षकांनी ‘ती बिघडलेली एस्टोनियन आहे, तिकडे लक्ष देऊ नका’ असं सांगितलं. तुम्ही विचारताय की हा सगळा एकच नियम आहे की दोन वेगळे, आणि शिकायला सुरुवात कुठून करायची.

नियम दोन आहेत, आणि दोघांची दिशा उलट आहे. पहिला स्वरसंवाद. तो शब्दाच्या सुरुवातीकडून शेवटाकडे जातो: पहिल्या अक्षरातला स्वर पुढच्या स्वरांना आपल्या जातीत ओढतो. दुसरा तालव्यीकरण. ते शेवटाकडून मागे येतं: पुढे असलेला ‘इ’ आपल्या आधीच्या व्यंजनाला रंगवतो, आणि पुष्कळदा स्वतः नाहीसा होतो. तुम्ही दोन्ही एकाच कप्प्यात टाकले, कारण दोन्ही शब्दाच्या शेवटाशीच ऐकू येतात. कान तिथे अडकतो, पण कारण प्रत्येक वेळी तिथे नसतं.

उत्तर किती लागू पडेल हे सासूबाई कोण, कुठल्या, यावरही अवलंबून आहे. ‘वोरो’ म्हटलं तरी गावागणिक फरक पडतो, पूर्वेला सेतो लोकांचं बोलणं आणखी वेगळं, आणि तरुण माणसं मानक एस्टोनियन मिसळून बोलतात. मी जे सांगतेय ते घरात वोरोच बोलत मोठ्या झालेल्या वयस्क माणसांच्या बोलण्यावरून. मी ध्वनिशास्त्र शिकवते, दोन वर्षं तार्तूत होते, आणि त्यातले बरेच शनिवार-रविवार वोरोमातल्या स्वयंपाकघरांत रेकॉर्डर घेऊन बसण्यात गेले.

लिहिण्याची सोय आधी ठरवून घेऊ. त्यांची मुळाक्षरं रोमन आहेत. ज्या ‘आ’च्या डोक्यावर दोन टिंबं असतात त्याला मी ‘ॲ’ लिहितेय, आणि तो खरोखरच आपल्या ‘बॅट’मधल्या ॲच्या जवळ आहे. ‘उ’वर दोन टिंबं असतील तिथे ‘यु’ लिहितेय, पण म्हणताना ‘य’ काढू नका: जीभ ‘ई’च्या जागी ठेवा आणि ओठ ‘उ’सारखे गोल करा. ज्या ‘ओ’वर नागमोडी रेघ असते तो आपल्या ‘अ’च्या शेजारचा, फक्त जीभ थोडी मागे आणि वर. त्यासाठी ‘ऽ’ वापरतेय. मराठी माणूस मधला अ गिळतो, ‘करमत’चं ‘कर्मत’ करतो, म्हणून हे चिन्ह मुद्दाम: ‘तुलऽमा’ तीन अक्षरांचा शब्द आहे, ‘तुल्मा’ नाही. आणि तालव्य व्यंजनापुढे ’ ही खूण.

आता स्वरसंवाद. तोंडात जीभ पुढे सरकवून काढायचे स्वर एका गटात: ॲ, ए, यु. जीभ मागे नेऊन काढायचे दुसऱ्या गटात: आ, ऽ, उ. वोरोत एका साध्या शब्दात साधारणपणे एकाच गटाचे स्वर राहतात. क्रियापदांवर हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. मानक भाषेत मूळ रूपाचा प्रत्यय सगळीकडे ‘मा’: एलामा (जगणे, राहणे), मिनेमा (जाणे), ओलेमा (असणे), तुलेमा (येणे). वोरोत पाहा: एलॅमॅ, मिनेमॅ, पण ओलऽमा, तुलऽमा. प्रत्यय एकच आहे, फक्त त्याने आधीच्या स्वराच्या गटाचे कपडे घातलेत. तुम्हाला ‘तुलेमा’चं ‘तुलऽमा’ झालं हा उच्चारातला आळस वाटला. ‘उ’ मागचा स्वर, त्यामुळे पुढचा ‘ए’ सुद्धा मागच्या गटातला आपला जोडीदार होऊन आला, तो जोडीदार म्हणजे ‘ऽ’. त्याच न्यायाने एस्टोनियन ‘कऽनेलेमा’ (बोलणे) वोरोत ‘कऽनऽलऽमा’ होतं. पहिला स्वर मागचा, मग रांगेने सगळे मागचे. आणि ‘तारे’, म्हणजे घर, तेही ‘तारऽ’.

पाटीवर लिहून शिकवताना इथपर्यंत सगळं छान दिसतं. मग विद्यार्थी ‘एलो’ ऐकतो, म्हणजे जीवन, आणि गोंधळतो. ‘एलॅमॅ’चाच भाऊ, पहिला स्वर तोच ‘ए’, मग शेवटी मागचा ‘ओ’ कसा? कारण वोरोत पहिल्या अक्षरानंतरच्या ‘ओ’ला पुढचा जोडीदारच नाही. तो दोन्ही गटांत चालतो. दुसरा अपवाद ‘इ’. तोही तटस्थ. पहिल्या अक्षरात ‘इ’ असला तर शब्द कुठल्या गटात जाईल हे नुसतं बघून सांगता येत नाही: ‘मिनेमॅ’ पुढच्या गटात, पण ‘त्सिगा’, म्हणजे डुक्कर, मागच्या. असे शब्द पाठच करावे लागतात. आणि जोडशब्दात प्रत्येक घटक आपापला गट राखतो. ‘क्युलॅ’ आणि ‘तारऽ’ मिळून ‘क्युलॅतारऽ’, गावातलं सार्वजनिक घर. दोन शब्द जोडले गेले म्हणून पहिल्याने दुसऱ्यावर सत्ता गाजवली, असं होत नाही.

आपल्या मराठीत असा नियम नाही, म्हणून तो परका वाटतो. पण नांदेड-सोलापूरकडे ज्यांच्या कानावर तेलुगू असेल त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथे ‘पुलि’ म्हणजे वाघ, आणि अनेकवचन ‘पुलुलु’. अनेकवचनाच्या ‘लु’ने आधीच्या ‘इ’ला ‘उ’ केलं. तिथे ओढ मागच्या दिशेने आहे, वोरोत पुढच्या, पण स्वरांनी एकमेकांना सांभाळून घेण्याची वृत्ती तीच.

आता ‘बिघडलेली’ या शब्दाकडे येते, कारण तो मला खटकला. स्वरसंवाद हा वोरोने केलेला बिघाड नाही. एस्टोनियन, फिनिश आणि त्यांच्या बहिणभाषांच्या समान पूर्वजात तो होता, फिनिशमध्ये आजही धडधाकट आहे: गावाला फिनिश माणूस ‘क्युलॅ’च म्हणतो, सासूबाईंसारखा. तो हरवला उत्तर एस्टोनियात, जिथून आजची मानक भाषा आली. तिथेही सगळीकडे नाही. किह्नू बेटावरच्या बोलीने तो जपला आहे. म्हणजे तुमच्या पाठ्यपुस्तकाने जे टाकलं ते सासूबाईंनी ठेवलं.

आणि तुमच्या पुस्तकी एस्टोनियनमध्येही त्याचा ठसा उरलाय, तो बघण्यासारखा आहे. फिनिशमध्ये कर्ज म्हणजे ‘वेल्का’ आणि पाठ म्हणजे ‘सेल्कॅ’. दोन्हीकडे पहिला स्वर ‘ए’, पण शेवट एकाचा मागचा, दुसऱ्याचा पुढचा. मानक एस्टोनियनमध्ये तेच शब्द ‘वऽल्ग’ आणि ‘सेल्ग’. शेवटचे स्वर गळून पडले, पण मागच्या गटातल्या शब्दाचा ‘ए’ आधीच ‘ऽ’ झाला होता, तो तसाच राहिला. रोज बँकेत ‘वऽल्ग’ म्हणताना तुम्ही नकळत एका जुन्या स्वरसंवादाचीच खूण उच्चारता.

दक्षिणेकडची भाषा, म्हणजे वोरो जिच्यात मोडते ती दक्षिणी एस्टोनियन, लेखनात नव्हती असंही नाही. ‘नवा करार’ तार्तूकडच्या दक्षिणी एस्टोनियनमध्ये १६८६ साली छापला गेला, उत्तरेकडच्या भाषेत संपूर्ण बायबल १७३९ साली आलं. त्यानंतर पारडं उत्तरेकडे झुकत गेलं. पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ तर दक्षिणी एस्टोनियन ही या कुळातली सगळ्यात आधी फुटलेली फांदी मानतात. २०११च्या जनगणनेत ७४,४९९ लोकांनी वोरो आणि १२,५४९ लोकांनी सेतो येते असं नोंदवलं. तरी युनेस्कोच्या नकाशात तिची गणना धोक्यातल्या भाषांत आहे, कारण लहान मुलं घरात ती बोलेनाशी झाली. आपल्याकडे मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या पोराला ‘शुद्ध बोल’ म्हणून गप्प करतात, तेच तिथल्या शाळांतही झालं. तुमच्या शिक्षकांना परीक्षेपुरतं म्हणायचं असेल तर ठीक, परीक्षेत ‘क्युला’च लिहा. पण ‘बिघडलेली’ हे वर्णन खोटं आहे, आणि ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या कानावर जातं.

आता तो ‘य’. तो तुमचा भास नाही.

तालव्यीकरण समजायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. ‘उंच’ म्हणा. जिभेचं टोक दातांमागे, ‘त्स’च्या जवळ. आता ‘उंची’ म्हणा. जीभ वर टाळूकडे गेली, च बदलला. लिपीत मात्र च तोच. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांचंही तसंच. पुढे येणाऱ्या ‘ई’ने आधीच्या व्यंजनाला आपल्याकडे ओढलं. इथपर्यंत आपली आणि एस्टोनियनची गोष्ट सारखी. पुढची पायरी अशी कल्पून पाहा: ‘उंची’मधला ‘ई’ कालांतराने गळून पडला, पण च मात्र ‘उंची’तला तालव्यच राहिला. मग आपल्याकडे ‘उंच’ असे लिहिले जाणारे दोन शब्द असते, फरक फक्त च च्या रंगाचा. एस्टोनियनमध्ये हेच झालंय. ‘पाल्क’ म्हणजे पगार, षष्ठी ‘पाल्गा’. ‘पाल’क’ म्हणजे ओंडका, षष्ठी ‘पाल्गि’. मानक लिखाणात दोन्ही हुबेहूब एक. आपण ‘जग’ लिहितो, आणि ते विश्व की ‘जग, मनासारखं जग’ मधलं आज्ञार्थी क्रियापद, हे वाचणारा ओळखतो, तसं. एस्टोनियन माणसाला ही खूण लिहायची गरज वाटत नाही, कारण ती त्याच्या कानात असते. परदेशी शिकणाऱ्याला ती कुणी सांगतच नाही, आणि मग वर्षानुवर्षं तो ओंडका मागायला जाऊन पगार मागतो.

माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्या भेटीत एका आजीबाईंनी फळीवरच्या मुरंब्याच्या बरण्या मोजून दाखवल्या. मी भराभर लिहून घेत होते, आणि सहाला मी ‘कूश’ लिहिलं. संध्याकाळी त्यांना वाचून दाखवलं तर त्यांनी मान हलवली, पुन्हा म्हणाल्या. मला पुन्हा ‘कूश’च ऐकू आलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं, तोंड जवळ आणलं आणि शेवटचं व्यंजन लांबवलं: स होता. अगदी स. फक्त त्याच्या आधी ‘ऊ’च्या शेवटाला एक बारीक ‘इ’ तरळत होता. नंतर प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या प्रोग्राममध्ये ते रेकॉर्डिंग उघडलं तर तेच दिसलं: स्वराच्या शेवटच्या भागात दुसरा फॉर्मंट, म्हणजे स्वराची ओळख ठरवणाऱ्या अनुनादांपैकी एक, वर चढत होता, जीभ ‘इ’कडे निघाल्याची ती खूण. स सुरू होण्याआधीच.

आपली चूक कशी होते हे त्या दिवशी मला समजलं. मराठीत तालव्य म्हणजे उच्चाराची जागाच बदलते: दंत्य च जाऊन तालव्य च येतो, स जाऊन श येतो. त्यामुळे आपला कान ‘इ’चा रंग लागलेला स ऐकला की त्याला श च्या खणात टाकून मोकळा होतो. एस्टोनियनमध्ये व्यंजन आपल्या जागीच राहतं, जिभेचं टोक जागचं हलत नाही, फक्त जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो. आणि रंग मुख्यतः व्यंजनाच्या आधी ऐकू येतो. रशियन ऐकलेल्यांची इथे फसगत होते, कारण तिथे हा रंग व्यंजन सुटताना जास्त कळतो. तुम्ही शब्दाच्या शेवटी ‘य’ शोधताय, म्हणून तो कधी सापडतो कधी नाही. एक घर मागे या. स्वराच्या शेपटीत ऐका.

मानक एस्टोनियनमध्येही सहा तालव्यच आहे, ‘कूस’’. आणि तालव्य नसलेला ‘कूस’ म्हणजे ‘महिन्यात’. तुम्ही तीन वर्षं दोन्ही सारखेच उच्चारत आला असाल आणि संदर्भामुळे कुणी अडवलं नसेल. इथला ‘इ’ कुठे गेला ते फिनिश सांगतं: तिथे सहा म्हणजे ‘कूसि’. एस्टोनियन षष्ठी ‘कूए’ आहे, त्यात ‘इ’ नाही. म्हणून ‘षष्ठीत इ दिसला तर तालव्य समजा’ हे पुस्तकातलं सूत्र उपयोगी असलं तरी पुरेसं नाही. शंका आली तर फिनिश शब्द बघा, तो बहुतेक वेळा हरवलेला ‘इ’ दाखवून देतो.

वोरोत हे सगळं जास्त पसरलेलं आणि जास्त ठसठशीत आहे. मानक भाषेत मुख्यतः त, स, न, ल हीच व्यंजनं तालव्य होतात. वोरोत जवळपास कुठलंही व्यंजन होऊ शकतं, ओठांनी काढायची प-म सुद्धा. म्हणून वोरो लिहिणाऱ्यांनी त्यासाठी एक तिरकी रेघ ठरवली आहे, अक्षराच्या डोक्यावर किंवा शेजारी. ‘ऊमा लेह्त’ हे वोरोतलं वर्तमानपत्र २००० सालापासून निघतं, त्यात तुम्हाला ती दिसेल. व्याकरणातही तिचं काम आहे: मानक भाषेत ‘तो आला’ म्हणजे ‘तुलि’, वोरोत ‘तुल्ल’’. भूतकाळ दाखवणारा ‘इ’ गेला, आणि भूतकाळ आता ल च्या रंगात आहे. ‘येतो’ म्हणजे ‘तुलऽ’. सासूबाई जावयाबद्दल बोलताना तुम्ही येताय म्हणाल्या की आलात म्हणाल्या, ते यावरून ठरतं.

दोन्ही नियम एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा. हो, आणि पुरावा आकड्यांतच आहे. एक म्हणजे ‘युत्स’’, दोन म्हणजे ‘कात्स’’. पहिल्यात पुढचा स्वर, दुसऱ्यात मागचा, तालव्य मात्र दोन्हीत. म्हणजे तालव्यीकरणाला शब्द कुठल्या गटातला याच्याशी देणंघेणं नाही. आता आठ आणि नऊ: ‘कातऽस्सा’ आणि ‘युतेस्सॅ’. शेवट एकच, पण आ ने सुरू झालेला शब्द ‘ऽ–आ’ घेऊन चालला, यु ने सुरू झालेला ‘ए–ॲ’. यापेक्षा चांगली जोडी मला शिकवायला मिळाली नाही. आणि मजेची गोष्ट अशी की ‘इ’ पहिल्या नियमात तटस्थ बसलेला असतो, दुसऱ्यात मात्र सगळं घडवून आणणारा तोच.

एक सवय मोडायला वेळ लागेल, ती आत्ताच सांगते. ‘त्सिगा’ म्हणताना मराठी जीभ आपोआप ‘चिगा’ करते, चिमणीतल्या च सारखी, कारण आपल्याकडे इ-आधी दंत्य च टिकतच नाही. तिथे टिकतो. ‘चमचा’मधला दंत्य च धरा, मग न घसरता ‘इ’ लावा. पहिले आठ दिवस जीभ ऐकणार नाही.

कुठून सुरुवात? पुढे वर्ग लावायचा असेल किंवा वोरोतून लिहायचं असेल तर क्रम वेगळा लागेल. तुम्हाला सासूबाईंशी बोलायचंय, म्हणून आधी ऐकणं. माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव असा की स्वरसंवाद तोंडात लवकर बसतो, कारण तो चुकला तरी शब्द ओळखू येतो आणि ऐकणारा हसून दुरुस्त करतो. तालव्यीकरण आधी कानात यावं लागतं. प्रत्यय पाठ करत बसू नका. क्रियापद शिकाल ते ‘मा’ किंवा ‘मॅ’ लावूनच शिका, बाकीचे प्रत्यय त्याच्या मागे येतील. पहिल्या अक्षरात ‘इ’ असलेले शब्द वेगळ्या पानावर लिहा. वोरो इन्स्टिट्यूटचा वोरो-एस्टोनियन शब्दकोश जवळ ठेवा, आणि त्यातली तिरकी रेघ वहीत उतरवून घ्या. ती गाळलीत तर महिन्याभराने तुमचीच वही तुम्हाला चुकीचं शिकवेल.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा सासूबाईंना काहीतरी मोजायला सांगा. बटाटे, बरण्या, सरपण, काहीही, एक ते दहा. फोनवर रेकॉर्ड करण्याची परवानगी आधी मागा. मग आठ आणि नऊ लागोपाठ दहा वेळा ऐका, शेवटच्या स्वराकडे लक्ष ठेवून. त्यानंतर एक आणि दोन, पण आता शेवटाकडे नाही, ‘त्स’च्या आधीच्या क्षणाकडे. तिथे तो ‘इ’ ऐकू आला की मला कळवा, आणि नाही आला तर रेकॉर्डिंगच पाठवा. मी ते प्राटमध्ये उघडून, कुठे ऐकायचं ती जागा सेकंदासकट तुम्हाला सांगेन.